राखेची रेघ

पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना
खालून चार आवाज आले,
सुतळीसारखे बारीक.
हातातली मोळी हातातच राहिली.

बोंडांच्या वाळक्या टरफलांत
चार पिल्लं. डोळे मिटलेले,
कान डोक्याला चिकटलेले,
कोणाचं तोंड कोणाच्या पाठीत.

मागल्या गल्लीतली पोट्टी जमलीच.
हर्षालीने ओढणी पसरली,
कवडूचा नातू बुटांचं खोकं घेऊन आला,
आत बापाच्या पॅन्टचा तुकडा अंथरून.

"मावशी, याईची माय मेली असन."
"मेली म्हणून कोनं सांगतलं तुले?
हात नोको लावू. पोटं पाह्य त्याईचे."

पोटं गोल होती, अंग कोरडं.
उपाशी पिल्लू रडायचं थांबत नाही.
ही जराशी रडली
आणि एकमेकांवर निजून गेली.

"मंग ते कुठी गेली?"
"कामाले."

मी सात महिन्यांची होते.
माय वेचणीला, धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी,
झोळीत मी.
तिची ओळ पार नाल्याकडे गेलेली.
रस्त्यानं एक बाई चालली होती, चांगल्या घरची,
तिला एकटं लेकरू रडताना दिसलं,
तिनं उचललं.
माय ओटीतला कापूस ओतायला परतली
तर झोळी हलकी.
दिवस बुडेस्तोवर ती वावरभर पळत होती,
ओटी सुटून कापूस सगळ्या सऱ्यांवर सांडला.
रात्री पोलीस पाटलाच्या ओसरीत सापडले मी,
पोट भरलेली, अंगाला पावडर लावलेली.
माय शेवटपर्यंत म्हणायची,
त्या बाईचं मन वाईट नव्हतं वं.
तिले घाई झाली फक्त.

हे मी पोट्ट्यांना सांगितलं नाही.
पऱ्हाट्या होत्या तशा रचल्या,
चुलीतली राख चाळून
ढिगाभोवती गोल रेघ ओढली, वीतभर रुंद,
आणि भुऱ्या कुत्र्याला कोठ्यात बांधलं.
आमच्या भाकरी त्या रात्री
शेजारणीच्या चुलीवर झाल्या.

पहाटे बॅटरी घेऊन गेले.
राखेत पावलं होती,
आत येणारी हलकी,
बाहेर जाणारी खोल.
तीनदा.

आणि टरफलांत चौथं.
सगळ्यात लहान, पांढऱ्या शेपटीचं,
बोट लावलं तर गार.

हर्षाली कपभर दूध घेऊन धावली, गाईचं.
"नोको. पहिले ऊब.
गार पोटात दूध जिरत नाई."
कोमट पाण्याची बाटली
जुन्या लुगड्यात गुंडाळली,
ढोरांच्या दवाखान्यातल्या उईकेला फोन लावला.
तो दात घासता घासता बोलत होता,
गाईचं देऊ नका, हगवण लागते.
उताणं धरून पाजू नका, छातीत जातं.
दुपारलोक वाट पाहा,
नाई आली तं तालुक्याहून
पिल्लांच्या दुधाचा डबा आणतो.
मग त्यानं चूळ भरली आणि म्हणाला,
पण ते येते, बाई. मोजून झालं की येते.

बाटलीशी टेकवून पिल्लू घमेल्यात ठेवलं,
घमेलं त्याच जागी.
तळहाताएवढं अंग
हळूहळू वळवळायला लागलं.
पोट्ट्यांना शाळेत पिटाळलं.
कवडूचा नातू तीनदा वळून पाहत गेला,
खोकं काखेत तसंच.

मी दार लोटलं,
तूर घेऊन बसले निवडायला.
दाराला बोटभर फट आहे.
मी फटीकडे पाठ केली.

साडेदहाच्या सुमाराला
घमेलं वाजलं, जरासंच,
पत्र्यावर नख लागावं तसं.

उठले नाही.
पायलीभर तूर
त्या दिवशी मी दोनदा निवडली.